लाठी रस्त्यावर, निवाडा घरांत

सन २०२३ च्या सप्टेंबरची पहिली तारीख. आमच्या छत्रपति संभाजीनगरांतील घरीं रात्रीचीं पानें मांडलीं होतीं. परंतु पानावर कोणी बसेना. दिवाणखान्यांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जालना जिल्ह्यांतील अंबड तालुक्याच्या अंतरवाली सराटी या गांवचें दृश्य दिसत होतें. उपोषणाचा मांडव, सैरावैरा धांवणारीं माणसें, वर उठलेल्या लाठ्या आणि अश्रुधुराचे लोट. घरांतील वडील मंडळींपैकीं एकानें सुस्कारा टाकून म्हटलें, "आतां उद्यां सर्व शांत होईल. मार बसला कीं गर्दी पांगते." तोंच नववींत शिकणारा आमचा पुतण्या विचारता झाला, "पण काका, पांगलेली गर्दी जाते कोठें?"

प्रश्न साधा होता. परंतु त्याचें समाधानकारक उत्तर त्या रात्रीं आम्हांस देतां आलें नाहीं. पुढें पुष्कळ दिवस तो प्रश्न मनांत घोळत राहिला. आमच्याच शहराचा गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचा इतिहास आम्हीं त्या दृष्टीनें पुन्हां एकदां चाळून पाहिला, आणि जें दिसलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम अंतरवालीचीच हकीकत पाहूं. श्री. मनोज जरांगे पाटील यांनीं मराठा आरक्षणाच्या मागणीसाठीं २९ ऑगस्ट रोजीं तेथें उपोषण आरंभिलें होतें. त्यापूर्वीं मराठवाड्याबाहेर त्यांचें नांव फार थोड्यांस ठाऊक असेल. प्रकृति खालावल्यामुळें त्यांस रुग्णालयांत हलवावें म्हणून आम्ही गेलों असतां आमच्यावर प्रथम दगड आले, असें पोलिसांचें म्हणणें. शांत बसलेल्या बायाबापड्यांवर विनाकारण लाठी चालली, असें ग्रामस्थांचें म्हणणें. जखमी मात्र दोन्ही बाजूंचे झाले. यानंतर आमच्या घरच्या वडील मंडळींच्या भाकिताप्रमाणें शांतता झाली काय? ४ सप्टेंबर रोजीं त्या वेळचे गृहमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं झालेल्या बळाच्या वापराबद्दल क्षमा मागितली. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांस सक्तीच्या रजेवर पाठविण्यांत आलें. १४ सप्टेंबर रोजीं त्या वेळचे मुख्यमंत्री श्री. एकनाथ शिंदे स्वतः त्या मांडवांत गेले, तेव्हां उपोषण सुटलें. बरोबर एक महिन्यानें, १४ ऑक्टोबर रोजीं, त्याच लहानशा गांवीं प्रचंड सभा भरली. जें आंदोलन एका तालुक्याचें होतें तें एका संध्याकाळच्या लाठीमारानें सबंध राज्याचें झालें.

मागणी योग्य कीं अयोग्य, हा आजच्या लेखाचा विषय नाहीं. त्याविषयीं एकाच घरांत दोन मतें असूं शकतात. आमच्या घरांत तर तीन आहेत. आम्हांस पाहावयाचें आहे तें इतकेंच, कीं लाठीनें चळवळ मोडते कीं वाढते, आणि तें ठरतें कोठें.

आतां थोडें मागें जाऊं. शहराचें नांव औरंगाबाद होतें आणि वर निजामाचें राज्य होतें, त्या काळांत १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यांत येथील इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांस प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हणण्याची मनाई झाली. मुलांनीं ती जुमानली नाहीं. तेव्हां त्यांस काढून टाकण्याचें सत्र सुरू झालें. पाहतां पाहतां तें लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोंचलें आणि शेंकडों विद्यार्थ्यांस शिक्षणाचीं दारें बंद झालीं. यांत लाठी कोठें आली, असें कोणी विचारील. परंतु ज्या मुलाच्या शिक्षणावर सबंध कुटुंबाची भिस्त, त्याचें नांव पटावरून काढणें हा लाठीहून हलका मार नव्हे.

त्या मुलांचें पुढें काय झालें? नागपूर विद्यापीठानें त्यांस प्रवेश दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच मुलांपैकीं एक होते. दुसऱ्या प्रांतांतील एका विद्यापीठानें 'हीं आमचींच मुलें आहेत' असें मानलें, म्हणून निजामी शिक्षेची धार बोथट झाली. मराठवाड्यांतील कित्येक घरांत त्या बहिष्कृत विद्यार्थ्यांची आठवण आजहि अभिमानानें सांगतात. मार खाल्लेल्यास दार उघडणारें कोणीतरी भेटलें कीं मार हा कलंक न राहतां भूषण होतो, ही त्या हकीकतीची शिकवण होय.

दुसरी गोष्ट मुंबईची. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं फ्लोरा फाउंटनपाशीं संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत १५ माणसें गेलीं. पुढील जानेवारींत पुन्हां गोळ्या चालल्या, आणि हुतात्म्यांची संख्या अखेर शंभराच्या वर गेली. यांतील बहुतेक सामान्य माणसें होतीं. परंतु त्यांच्या मरणाचा आघात सुशिक्षित महाराष्ट्रानें आपल्या घरावरचा मानला. केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं १९५६ सालीं पदाचा राजीनामा दिला. मुंबईविषयींचा निर्णय आणि गोळीबाराच्या चौकशीस मिळालेला नकार, हीं त्यांचीं कारणें होतीं. १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रांतील मतदारांनीं सत्ताधारी पक्षास आपलें उत्तर दिलें. आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. ज्या जागीं गोळ्या चालल्या त्या जागेस आज हुतात्मा चौक म्हणतात.

या दोन गोष्टी सांगतांना ऊर भरून येतो. तिसरी आमच्या अगदीं अंगणांतली आहे, आणि ती सांगतांना मान खालीं जाते.

२७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला. १९५० सालीं, मराठवाड्यांत उच्च शिक्षणाची सोय अगदींच तोकडी असतां, ज्यांनीं येथें महाविद्यालय उघडलें आणि जें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवाजलें, त्या पुरुषाचें नांव. ठराव होतांच मराठवाड्यांत गांवोगांवीं दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरें जाळण्यांत आलीं, माणसें मारलीं गेलीं. आणि ठरावाची अंमलबजावणी थांबली. तेव्हां १९७९ च्या नोव्हेंबरांत प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखालीं नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादेकडे पायीं मोर्चा निघाला. शेंकडों मैलांची वाट तुडवीत निघालेल्या त्या माणसांस पोलिसांनीं खडकपूर्णा नदीच्या पुलापाशीं अडविलें. लाठ्या चालल्या, माणसें रक्तबंबाळ झालीं, हजारोंस अटक झाली. त्याच सुमारास नागपुरांत पोलिसांच्या गोळीबारांत आंदोलक मृत्यु पावले.

आतां वाचकांनींच तुलना करावी. मार तोच होता, किंबहुना अधिक होता. परंतु आमच्या शहरांतील सुशिक्षित घरांपैकीं किती घरांचीं दारें उघडलीं? किती दिवाणखान्यांत त्या पुलावरच्या रक्ताची चर्चा झाली? चर्चा झाली ती नांवाची. विद्यापीठाच्या नांवांत मराठवाडाच असावा, असें मत अनेकांचें होतें. हैदराबादच्या मुक्तिलढ्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्या गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या आदरणीय पुरुषाचाहि नामांतरास विरोध होता. मतभेद प्रामाणिक असूं शकतो, हें आम्ही मान्य करतों. परंतु नांवाविषयीं मत निराळें आहे म्हणून लाठीविषयींहि मौन बाळगावें, हें कोठलें तर्कशास्त्र? 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या मुलांचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनीं चाळीस वर्षांनंतर पायीं चालत येणाऱ्या मुलांकडे पाठ फिरविली, हें कटु असलें तरी सत्य आहे.

त्याचा परिणाम काय झाला? 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजीं झाला. म्हणजे ठरावापासून साडेपंधरा वर्षांनीं. चळवळ लाठीनें मोडली नाहीं, हें खरें; परंतु एक पिढी विद्यार्थिदशेंतून संसारांत गेली तोंवर तिला थांबावें लागलें. दरवर्षीं १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशीं जी अथांग गर्दी लोटते, ती केवळ एका नांवाच्या आनंदासाठीं जमते असें समजणें चूक होईल. त्या पंधरा वर्षांत कोण बरोबर होतें आणि कोण नव्हतें, याचीहि ती आठवण असते.

हा प्रकार केवळ आमच्याच मुलखांतला आहे असें नाहीं. अमेरिकेंत सेल्मा गांवींहि असाच एक पूल होता. मतदानाच्या हक्कासाठीं निघालेल्या सुमारें ६०० कृष्णवर्णीयांस ७ मार्च १९६५ रोजीं तेथें पोलिसांनीं निर्दयपणें झोडपलें. तें दृश्य त्याच रात्रीं देशभरच्या घरांत दूरचित्रवाणीवर दिसलें. निरनिराळ्या प्रांतांतून गोरे पाद्री, शिक्षक, गृहिणी त्या गांवीं धांवून आल्या. आणि ६ ऑगस्ट रोजीं मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. पांच महिने पुरले. उलट दक्षिण आफ्रिकेंत शार्पव्हिल येथें २१ मार्च १९६० रोजीं गोळीबारांत ६९ माणसें मेलीं. तेथील गोऱ्या मतदारांनीं तिकडे काणाडोळा केला. तीन आठवड्यांच्या आंत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली, आणि पुढल्याच वर्षीं त्या चळवळीनें शस्त्र हातीं घेतलें. सर्वांस मत देणारी निवडणूक तेथें व्हावयास १९९४ साल उजाडावें लागलें.

१९७९ सालीं मराठवाड्याच्या घराघरांत दूरचित्रवाणी नव्हती, म्हणून खडकपूर्णेचा पूल आम्हांस दिसला नाहीं, अशी सबब सांगतां येईल. परंतु वर्तमानपत्रें होतीं, आणि शेजारीपाजारीहि होते. पाहण्याची इच्छा असली म्हणजे साधन सांपडतें.

यावरून आमचें मत असें बनलें आहे, कीं लाठी चालविणारा आणि लाठी खाणारा हे दोघे जरी रस्त्यावर असले, तरी चळवळीचें भवितव्य पुष्कळसें तिसऱ्याच्या हातीं असतें. तो तिसरा म्हणजे घरीं बसून पाहणारा. त्यानें मार खाणाऱ्यास आपला मानलें तर लाठी उलटते. परका मानलें तर लाठी चळवळीस वर्षानुवर्षें मागें रेटते किंवा तिला आडवाटेस लावते.

मात्र येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. त्या तिसऱ्याची सहानुभूति मोर्चेकऱ्यांनीं गमावूंहि नये. याचें उदाहरणहि आमच्याच शहरांत आहे. कोपर्डीच्या अमानुष घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजीं येथील क्रांति चौकांतून मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. लाखों माणसें, घोषणा नाहीं, दगड नाहीं, पुढें मुली. पुढें राज्यभर असे पन्नासांहून अधिक मोर्चे निघाले. पोलिसांस लाठी उचलण्याचें निमित्तच मिळालें नाहीं, आणि ज्यांस मागणी पटत नव्हती त्यांनींहि त्या शिस्तीपुढें मान लवविली. पुढें दोनच वर्षांनीं, त्याच ९ ऑगस्टला, बंदच्या दिवशीं वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत कारखान्यांची मोडतोड झाली. आंदोलनाच्या संयोजकांनीं तिच्याशीं आपला संबंध नाकारला. पण ज्या घरांतील मुलें त्या कारखान्यांत नोकरीस होतीं, त्या घरांत काय बोललें गेलें असेल त्याची कल्पना करावी. अंतरवालीनंतरहि तेंच. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं बीड जिल्ह्यांत लोकप्रतिनिधींचीं घरें पेटलीं आणि संचारबंदी लागली, तेव्हां लाठीमारानें मिळालेली सहानुभूति कांहीं घरांतून एका रात्रींत ओसरली. एरिका चेनोवेथ व मारिया स्टीफन या विदुषींनीं १९०० ते २००६ या काळांतील ३२३ चळवळींचा हिशेब मांडून २०११ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत निःशस्त्र चळवळींपैकीं ५३ टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्र चळवळींपैकीं २६ टक्केच, असें आढळलें आहे. निःशस्त्र चळवळींत बायका, म्हातारीं माणसें, नोकरदार, सर्व येऊं शकतात. दगड उचलला कीं फक्त तरुण उरतात.

लाठीचा खरा दुष्परिणामहि नेमका हाच असतो. पहिल्या लाठीमारानंतर मोर्चांतून प्रथम बायका घरीं जातात, मग प्रौढ माणसें जातात. मागें उरतात ते ज्यांचा राग ज्यांच्या विचारावर मात करतो असे. समंजस पुढाऱ्याचा शब्द लटका पडतो आणि आततायी पोराचा खरा वाटूं लागतो. सरकारनें ज्याच्याशीं बोलावयाचें तो माणूसच लाठीनें बाजूस सारला जातो. शिवाय खटले. मारहाणीच्या जखमा महिन्यांत भरतात, परंतु दाखल झालेला गुन्हा वर्षानुवर्षें चालतो. नोकरीसाठीं किंवा पारपत्रासाठीं चारित्र्याची पडताळणी होते तेव्हां तो कागद पुन्हां वर येतो. म्हणूनच बहुतेक आंदोलनांच्या मागण्यांत 'गुन्हे मागें घ्या' ही एक मागणी हटकून असते.

पोलिसांची बाजूहि घरांत बोलली गेली पाहिजे. चौदा-चौदा तास उन्हांत उभा असलेला शिपाई कोणा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. हुकूम त्याचा नसतो, दगड मात्र त्याच्याच डोक्यावर येतो. बेकायदा ठरलेला जमाव पांगविण्याचा अधिकार कायद्यानें पोलिसांस दिलेला आहे, आणि तो असलाच पाहिजे. परंतु तो अधिकार पांगविण्याचा आहे, शिक्षेचा नव्हे. शिक्षा देणें हें न्यायालयाचें काम. शांततेनें व निःशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास दिला आहे. ४ जून २०११ च्या मध्यरात्रीं दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर पोलिसांनीं केलेल्या कारवाईची सर्वोच्च न्यायालयानें स्वतः होऊन दखल घेतली, आणि २०१२ सालीं निकाल देतांना पोलिसांस दोष देऊन नुकसानभरपाई देवविली. तेव्हां ही आमची पदरची कल्पना नसून देशाच्या न्यायासनाची रीत आहे.

मग आमच्यासारख्या घरांनीं करावें काय? सर्वांनीं मोर्चांत जावें असा आमचा आग्रह नाहीं. परंतु पुढल्या वेळीं पडद्यावर लाठी उठलेली दिसेल, तेव्हां मत देण्यापूर्वीं तीन प्रश्न घरांत मोठ्यानें विचारावेत. पहिला: मार खाणारीं माणसें हातांत कांहीं घेऊन आलीं होतीं काय? दुसरा: माणसें पळूं लागल्यावर लाठी थांबली काय? आणि तिसरा, सर्वांत अवघड: त्यांच्या जागीं आपल्या ओळखीचीं, आपल्या जातीचीं, आपल्या आळींतलीं मुलें असतीं, तर आपण हेंच बोललों असतों काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें बातमींत मिळतात. तिसऱ्याचें उत्तर ज्याचें त्यानें शोधावयाचें असतें. १९३८ सालीं आमच्या वाडवडिलांस ती अडचण पडली नाहीं; १९७९ सालीं आमच्या पिढीस पडली, आणि आम्ही उत्तीर्ण झालों नाहीं.

पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं त्यास अखेर उशिरां कां होईना दिलें. पांगलेली गर्दी कोठें जात नाहीं. ती घरोघर जाऊन बसते. कोणी जखमेवर हळद दाबतो, कोणी उंबऱ्यावर बसून मुलांस झालें तें सांगतो, आणि मग आपल्या शेजाऱ्याच्या दाराकडे पाहतो. तें दार उघडें असलें तर दुसऱ्या दिवशीं तो शांतपणें पुन्हां बोलावयास येतो. बंद दिसलें तर तो काय करील, हें सांगतां येत नाहीं.

पुतण्यानें क्षणभर विचार करून विचारलें, "मग आपलें दार त्या वेळीं उघडें होतें का, काका?" तेव्हां खडकपूर्णेची हकीकत आम्हीं त्यास पहिल्यापासून सांगितली.